दुसऱ्या शनिवारची बैठक

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी अमरावतीच्या वलगाव रोडवरच्या एका घरात आम्ही जमतो. शनिवारची शाळा सकाळची असते, म्हणून आमच्यातल्या दोघी शिक्षिका तोवर मोकळ्या झालेल्या असतात. जोहरची नमाज होऊन गेलेली असते आणि असरला वेळ असतो. घरातले पुरुष दुकानावर असतात, नाहीतर पंख्याखाली झोपलेले. हे दोन तास आमचे. दाराशी चपलांचे दहा-अकरा जोड दिसले की गल्लीतल्या पोरांनाही कळते, आज "किताबवाली बैठक" आहे. आत सतरंजी, मध्ये पाण्याचा जग आणि अकरा जणींत मिळून एकच पुस्तक.

एकच पुस्तक हे सुरुवातीला नाइलाजाने झाले. पण बैठकीची सगळी बरकत त्यातूनच निघाली. ती कशी, हे इतर भगिनींनाही कळावे म्हणून हा लेख.

सुरुवात २०१८ साली झाली. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ पासून महाराष्ट्रातल्या शाळांत तो 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. आमच्यातली एक उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. त्या वर्षी तिने मुलांबरोबर त्यांच्या आयांनाही बोलावले. मुलांनी धडे वाचून दाखवले, टाळ्या झाल्या. मग तिने आयांना सहज विचारले, "तुम्ही शेवटचे पुस्तक कधी वाचले?" बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी मागून एकीने सांगितले, "मॅडम, दसवी की मराठी की किताब." सगळ्या हसल्या. तिची दहावी होऊन वीस वर्षे झाली होती.

त्या दिवशी घरी जाताना मात्र आम्हा दोघी शिक्षिकांना हसू येईना. आम्ही बी.एड. झालेल्या. पण पाठ्यपुस्तके, प्रशिक्षणाच्या पुस्तिका आणि मोबाइलवरचे निरोप सोडले तर आम्ही तरी काय वाचत होतो? मुलांना रोज "वाचा, वाचा" म्हणायचे आणि घरी पुस्तक उघडायचे नाही, हा खोटेपणा होता. पुढच्याच शनिवारी आम्ही चौघी जमलो.

एक घर, दोन लिप्या

पहिली अडचण पैशाची किंवा वेळेची आली नाही, लिपीची आली. आमच्या घरांत बोलतो उर्दू, तीही वऱ्हाडी वळणाची. बाजारात आणि शेजारी बोलतो वऱ्हाडी मराठी. बोलताना कुठेच अडत नाही. वाचायची वेळ आली की घर दोन भागांत वाटले जाते. जी उर्दू शाळेत शिकली तिला मराठी पुस्तकाची धास्ती. बँकेतला अर्ज भरायलाही ती मुलाला सोबत नेते. जी मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळेत शिकली तिला आपल्या आजीच्या हातची चिठ्ठी वाचता येत नाही. सासू उर्दूवाली, सून मराठीवाली, नात इंग्रजीकडे तोंड केलेली. तिघी एका चुलीवर जेवतात, पण एकीच्या हातचा कागद दुसरीला परका.

यावर उपाय सापडला तो जुनाच. एकीने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. एक महिना उर्दू पुस्तक, एक महिना मराठी. जिला जी लिपी येते ती वाचणार, अडलेल्या शब्दाला थांबणार, ज्यांना माहीत आहे त्या सांगणार. अशाने पुस्तक हळू संपते. पण गेल्या काही वर्षांत आम्ही जेवढी पुस्तके मनापासून ऐकली, तेवढी एकटीने कधीच वाचली नसती.

पुस्तकांसाठी फार खर्च आला नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि अनुदानावर चालणारी वाचनालये तालुक्याच्या गावीही आहेत. थोडी अनामत आणि थोडी वर्गणी भरली की पुस्तक घरी येते. उर्दू पुस्तके घराघरांतल्या जुन्या कपाटांतून निघाली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना आम्ही ऐकून होतो. त्यात शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी गट आपापसांत पेट्या बदलतात. आमची पेटी म्हणजे एक जुनी सुटकेस. तिच्यात आज चाळीस-पन्नास पुस्तके आहेत आणि तिला कुलूप नाही.

अकबरी, असगरी आणि कौतिक

पहिले पुस्तक घेतले डेप्युटी नझीर अहमद यांचे 'मिरातुल उरूस'. १८६९ सालचे हे पुस्तक उर्दूतली पहिली कादंबरी मानले जाते. नझीर अहमद यांनी ते आपल्या मुलींसाठी लिहायला घेतले, कारण मुलींच्या हातात द्यावे असे पुस्तक त्यांना मिळेना. अकबरी आणि असगरी या दोन बहिणी दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. थोरली हट्टी आणि उधळी, धाकटी शहाणी आणि हिशोबी. असगरी घरातल्या मोलकरणीची लबाडी उघडी पाडते, घराचे कर्ज आटोक्यात आणते आणि मोहल्ल्यातल्या मुलींना घरातच शिकवू लागते.

आम्हाला वाटले होते, सगळ्या असगरीची तारीफ करतील. झाले उलटे. अकोटहून लग्न होऊन आलेल्या एका तरुण भाभीने पहिल्याच दिवशी सांगितले, "असगरी शहाणी आहे, ठीक. पण अकबरीला कोणी शिकवलंच नाही, त्याचं काय? दोष तिचा की तिला लाडावणाऱ्या नानीचा?" मग जी चर्चा पेटली ती असरची अजान झाली तरी विझेना. दीडशे वर्षांपूर्वीच्या दिल्लीतल्या दोन बहिणींवरून आमच्या मोहल्ल्यातल्या बायका तावातावाने बोलत होत्या. त्या दिवशी कळले, बैठक टिकणार.

मराठीत आम्ही ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' वाचली. ताराबाई आपल्या वऱ्हाडातल्याच, बुलडाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत सगळ्या बायकांवर चिखलफेक सुरू झाली, तेव्हा ताराबाईंनी १८८२ साली हे पुस्तक छापले. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा महात्मा फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. नझीर अहमद बायकांना शहाणे करू पाहतात, ताराबाई पुरुषांना जाब विचारतात. दोन्ही पुस्तकांत जेमतेम तेरा वर्षांचे अंतर. दोन्ही एका सतरंजीवर वाचली म्हणून ते जाणवले. वेगवेगळ्या शाळांत शिकलो असतो तर एकीला एकच माहीत असते.

एका महिन्यात सुरेश भटांच्या गझला घेतल्या. भट अमरावतीचे, जन्म १९३२ सालचा. मराठीत गझल कशी लिहावी हे नवोदितांना समजावे म्हणून त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली. मतला, काफिया, रदीफ हे शब्द मुशायऱ्यात ऐकून आमच्या उर्दूवाल्या आपांना पाठ. मराठीवाल्या सुनेने वाचायचे आणि आपांनी काफिया पकडून "वाह" म्हणायचे, असा तो दिवस गेला. १९८३च्या संग्रहाचे 'एल्गार' हे नाव ऐकल्यावर एक आपा म्हणाल्या, "ये तो अपना यलगार है!" मग दप्तर, कागद, कलम, शाई अशी शब्दांची यादीच निघाली. जी भाषा परकी म्हणून भीती वाटत होती, तिच्यात आपलेच किती सामान ठेवलेले आहे हे पाहून उर्दूवाल्यांची भीड चेपली.

पण सगळ्यांत खोल गेली ती उद्धव शेळके यांची 'धग'. १९६०ची ही कादंबरी वऱ्हाडातल्या एका गरीब शिंपी कुटुंबाची. कौतिक ही त्यातली बाई. नवऱ्याची साथ नाही, घरात दाणा नाही, तरी मुलांसाठी राबत राहते. पुस्तकातली माणसे आपल्या गावाकडची वऱ्हाडी बोलतात. त्यामुळे वाचणाऱ्या भाभीला शब्द समजावून सांगावेच लागले नाहीत. नावे बदलली असती तर ते घर आमच्या गल्लीतले वाटले असते. आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या भाभी एरवी ऐकताना काजे-बटणे करत बसतात. त्या दिवशी त्यांनी सुई खाली ठेवली.

दोन महिने बंद

इथे आमची एक चूक सांगितली पाहिजे. 'धग' वाचताना एक भगिनी आपल्या संसाराविषयी बोलून गेली. पुस्तकाने तिचे मन मोकळे झाले होते. आठवड्याभरात ते बोलणे मोहल्ल्यात फिरले आणि तिच्या घरी पोचले. आमच्यातल्याच कोणीतरी, वाईट हेतूने नव्हे, कुठेतरी बोलले होते. तिचे येणे बंद झाले. पाठोपाठ आणखी दोन घरांतून "पुस्तकांच्या नावाखाली चुगल्या चालतात" असे ऐकू आले. बैठक दोन महिने भरली नाही.

मजलिसमधली गोष्ट ही अमानत असते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अमानत म्हटले की दागिने आणि पैसेच आठवतात. बोललेला शब्दही अमानत आहे, हे आम्ही एका भगिनीचे नुकसान करून शिकलो. आम्ही चौघी तिच्या घरी गेलो, तिच्या सासूसमोर माफी मागितली. सासूने चहा दिला, पण बोलल्या नाहीत. तिसऱ्या महिन्यात भगिनी परत आली, आणि तिच्यामागून सासूबाईही. "देखूँ तो सही, क्या पढते तुम लोगां," म्हणून दाराजवळ बसल्या. पुढच्या वेळी आत सरकल्या. आता एखाद्या शनिवारी आम्ही उशीर केला तर त्यांचाच फोन येतो.

तेव्हापासून एक नियम पक्का आहे. पुस्तकातल्या माणसांविषयी बाहेर हवे ते बोला, बैठकीतल्या माणसांविषयी एक शब्द नाही.

खालांची वही

आमच्यात सर्वांत वयाने मोठ्या खाला. लिहिणे-वाचणे विचारले की म्हणायच्या, "मैं तो अनपढ हूँ बेटा." खरे तर खाला रोज फजरनंतर कुरआन शरीफची तिलावत करतात. लहानपणी नाजरा शिकलेल्या. जेर-जबर असलेली अरबी अक्षरे त्या चष्मा लावून सरळ वाचतात. पण उर्दू लिखाणात जेर-जबर नसतात, म्हणून तो कागद समोर आला की त्या बाजूला सारायच्या. त्यांना उर्दू बोलता येत होती आणि अक्षरेही येत होती. या दोन गोष्टी कोणी कधी एकत्र आणल्याच नव्हत्या.

हे काम त्यांच्या नातीने केले. नात आठवीत, सेमी-इंग्रजीची. आजीला आणायला-सोडायला यायची आणि कोपऱ्यात बसून आमच्याकडून उर्दूची अक्षरे शिकायची. तिला जे नवे कळायचे ते ती आजीला घरी जाऊन सांगायची. पे, टे, चे, डाल, ड़े, झे, गाफ. अरबीत नसलेली ही मोजकी अक्षरे कळली की बाकीची खालांच्या ओळखीचीच. वर्षभरात खाला मुलांच्या गोष्टींचे पुस्तक बोट ठेवून वाचू लागल्या. बदल्यात नातीची तिलावत त्यांनी सुधारून घेतली.

मग खालांना अकोल्याला, मुलाकडे, कायमचे जावे लागले. इथले घर रिकामे करताना माळ्यावरून एक पत्र्याची पेटी निघाली. आत जुने कागद, पावत्या आणि कापडात गुंडाळलेली एक वही. खालांचे अब्बा एका जिनात मुन्शी होते, वही त्यांची. घरात कोणालाच ती वाचता येत नव्हती. मुलगा साधा माणूस, त्याने रद्दीवाल्याला हाकही मारली होती. नातीने वही उघडली आणि ओरडली, "दादी, ये तो उर्दू है. अपन को आती ना!"

त्यांची अमरावतीतली शेवटची बैठक आम्ही त्या वहीचीच केली. मुन्शीजींचा हात भरभर लिहिणाऱ्याचा, अक्षरे एकमेकांत अडकलेली. बराचसा हिशोब होता. ज्वारी, रॉकेल, कोणाला दिलेले पाच रुपये. मध्ये मध्ये घरातले जन्म आणि मृत्यू. खाला स्वतः बोट ठेवून वाचत होत्या. एका ओळीवर बोट थांबले. आम्ही गप्प. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, मग मोठ्याने. १२ नोव्हेंबर १९५३, जुमेरात, फजरनंतर मुलगी झाली, अल्लाह उम्र दराज करो, जिनात नव्या कपाशीच्या गाड्या लागल्या आहेत. आणि पुढे खालांचे नाव.

खालांच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जानेवारी १९५०. कॅम्पात बसलेल्या मुलाने विचारले आणि कोणीतरी अंदाजाने सांगितली. आपल्यापैकी किती जणींच्या कार्डावर १ जानेवारी किंवा १ जुलै आहे, घरी जाऊन पाहा. खाला आधी हसल्या, म्हणाल्या, "अगं, मी तर जवळजवळ चार वर्षांनी तरुण झाले!" मग चष्मा काढून पुसत राहिल्या. खूप वेळाने म्हणाल्या, "अब्बाने माझे नाव लिहून ठेवले होते. मी ते पेटीत ठेवून सत्तर वर्षे अनपढ म्हणवून घेतले."

वाढदिवस करण्याची आमच्यात पद्धत नाही. पण त्या दिवशी इतवारा बाजारातून गिला वडा आणायला कोणी कोणाला विचारले नाही.

अकोल्याची सतरंजी

खाला गेल्या तेव्हा आम्हाला वाटले, आता त्या एकट्या पडतील. जुन्या वयात नवे गाव, सून नोकरीवर, दिवसभर घर रिकामे. पहिले काही महिने फोनवर त्यांचा आवाज बारीक यायचा. मग एकदा त्यांनीच कळवले, "अकोट फैलमधल्या पाच जणी जमवल्या आहेत. पुस्तक पाठवा." आम्ही सुटकेसमधली आठ पुस्तके मुलाच्या हाती धाडली. मराठी पुस्तकांसाठी तिथल्या एका भगिनीने अकोल्याच्या जुन्या बाबुजी देशमुख वाचनालयाची वाट धरली. आज तिथे नऊ जणी आहेत. वाचतात इतर, पण बैठकीची पहिली दोन पाने खालाच वाचतात, अजूनही बोट ठेवून.

वर्षातून एकदा, हिवाळ्यात, आम्ही अकोल्याला जातो. उन्हाळ्यात तिथे पारा ४५च्या वर जातो, तेव्हा हिंमत होत नाही. बडनेऱ्याहून गाडी धरायची आणि मूर्तिजापूर मागे टाकून अकोल्याला उतरायचे. डबे सोबत. ज्या भगिनी माहेर आणि दवाखाना याशिवाय कधी गाडीत बसल्या नव्हत्या, त्या पुस्तकासाठी प्रवास करतात, याचे त्यांच्या घरच्यांना आधी हसू यायचे. आता ते स्टेशनवर सोडायला येतात. आणि अकबरीची बाजू घेणाऱ्या आमच्या अकोटच्या भाभीने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए.ला प्रवेश घेतला आहे. अभ्यासाची पुस्तकेही ती मोठ्यानेच वाचते. म्हणते, डोळ्यांनी वाचलेले राहत नाही, कानांनी ऐकलेले राहते.

वाचक भगिनींनो, तुमच्या मोहल्ल्यात अशी बैठक सुरू करायची असेल तर फार तयारी लागत नाही. चार जणी पुरेत. दिवस आणि वेळ ठरवा आणि ती मोडू नका. आमच्याकडे कोणी आले नाही तरी एक जण पुस्तक घेऊन बसते. रमजानच्या महिन्यात बैठक बंद ठेवा, ईदनंतर शीरखुर्म्याबरोबर सुरू करा. खाण्यापिण्याचा थाट करू नका, नाहीतर जिच्या घरी बैठक तिची दुपार स्वयंपाकघरात जाते आणि पुढच्या वेळी ती टाळते. आमच्याकडे फक्त पाणी आणि चहा. गिला वड्याचा तो एकच दिवस. पुस्तक असे निवडा की सासू आणि सून दोघी एका ठिकाणी बसून ऐकू शकतील. जिला वाचता येत नाही तिला आधी बोलावा. आणि बैठकीतले बोलणे बैठकीतच राहू द्या.

शेवटची एक विनंती. घरातल्या माळ्यावर, पेटीत, गादीखाली एखादी जुनी वही, चिठ्ठी किंवा हिशोबाचा कागद असेल तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी तो बैठकीत आणा. वाचणारी कोणीतरी निघेल. कदाचित ज्या दादीला आपण अनपढ समजतो, तीच निघेल.